उत्तरकथेचे कथन : 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटाचा अभ्यास

गोष्ट सांगून संपली आणि ऐकणाऱ्याने "पुढे काय झाले?" असे विचारले, म्हणजे सांगणाऱ्याची खरी कसोटी सुरू होते. पहिल्या वेळी त्याला केवळ श्रोत्याचे लक्ष वेधून घ्यायचे होते. आता त्याला श्रोत्याने मनात जपून ठेवलेल्या गोष्टीला हात लावायचा असतो. तीच गोष्ट पुन्हा सांगावी तर कंटाळा येतो आणि अगदी निराळी सांगावी तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. व्यावसायिक चित्रपटात या पेचातून सुटण्याची वाट बहुधा ठरलेली असते : संकट थोडे मोठे करावे, देखावे अधिक खर्चाचे करावेत आणि शेवटी पुन्हा तोच विजय दाखवावा. २१ मे १९८० रोजी प्रदर्शित झालेल्या 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या अमेरिकन चित्रपटाने ही वाट सोडली. त्याने आपल्या नायकांना हरवले, त्यांची ताटातूट केली आणि पहिल्या गोष्टीतील एका साध्या विधानाचा अर्थच पालटून टाकला. हे त्याने कसे साधले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

अंतराळगाथा : एक हिणवणारे नाव

ज्या कथाप्रकारात हा चित्रपट मोडतो त्याला इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. या नावातील ऑपेरा शब्दाचा संगीतिकेशी संबंध नाही. अमेरिकेत साबणाच्या कारखानदारांच्या आश्रयाने चालणाऱ्या रडव्या नभोवाणी-मालिकांना 'सोप ऑपेरा' आणि घोडेस्वारांच्या ठरीव साच्याच्या कथांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. त्यांच्या धर्तीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली 'स्पेस ऑपेरा' हा शब्द बनवला, तोही निंदेसाठी. अंतराळयानांच्या शिळ्या, ठोकळेबाज कथांना त्याला नाव ठेवायचे होते. पुढे निंदेचा रंग उडाला आणि नाव तेवढे राहिले. मराठीत आपण त्यासाठी 'अंतराळगाथा' हा शब्द वापरू.

टकरने नाव ठेवण्याआधीच हा प्रकार रुळलेला होता. ई. ई. स्मिथ यांची 'दि स्कायलार्क ऑफ स्पेस' ही कादंबरी १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकातून क्रमशः आली. १९३६ पासून 'फ्लॅश गॉर्डन'चे चित्रपटही भागाभागांनी दाखवले जाऊ लागले. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात आणि पुढच्या भागाच्या आरंभी सुखरूप, अशी त्यांची रीत होती. या प्रकारात ग्रहताऱ्यांमधील अंतरे अफाट असतात, परंतु माणसांचे रागलोभ मात्र ओळखीचे असतात. विज्ञान येथे भाकित करण्यासाठी येत नाही. गोष्टीला वेग देणारे वाहन, एवढेच त्याचे काम असते. आणि मुख्य म्हणजे 'क्रमशः' हा शब्द या प्रकाराच्या रक्तातच आहे.

जॉर्ज लुकास यांना आरंभी 'फ्लॅश गॉर्डन'वरच चित्रपट काढायचा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचे विश्व रचले आणि २५ मे १९७७ रोजी 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. आरंभी पडद्यावरून वर सरकत जाणारा पूर्वकथेचा मजकूर हे जुन्या मालिकांचेच देणे होय.

पहिल्या गोष्टीचे ऋण

'स्टार वॉर्स' ही स्वतःपुरती पूर्ण गोष्ट आहे. वाळवंटी ग्रहावर काकांच्या शेतात वाढलेला ल्यूक स्कायवॉकर ओबी-वॅन केनोबी या वृद्ध योद्ध्याबरोबर घर सोडतो. हॅन सोलो या बेफिकीर नाविकाच्या साहाय्याने राजकन्या लिया हिची सुटका होते. शेवटी ल्यूक साम्राज्याचे ग्रहसंहारक यंत्र नष्ट करतो आणि भरल्या सभेत नायकांचा गौरव होतो. यापुढे काही सांगितलेच पाहिजे असे नाही.

तथापि दोन धागे मोकळे राहिले होते. साम्राज्याचा काळा सेनानी डार्थ व्हेडर अखेरच्या लढाईतून जिवंत निसटला होता, हा एक. दुसरा धागा अधिक महत्त्वाचा, पण तो धागा आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नव्हते. आपले वडील कसे वारले, या ल्यूकच्या प्रश्नावर ओबी-वॅन सांगतो की, व्हेडर हा आपलाच एक शिष्य होता. तो कुमार्गाला लागला आणि त्याने तुझ्या वडिलांची हत्या केली. पहिल्या चित्रपटात या उत्तराचे काम एवढेच होते की, ल्यूकला घराबाहेर पडण्यास कारण मिळावे. उत्तरकथेने नेमके हेच उत्तर उचलले.

रहस्य केव्हा सुचले?

बाप-लेकाचे रहस्य लुकास यांनी प्रथमपासूनच योजून ठेवले होते, असा समज रूढ आहे. डच भाषेत 'व्हेडर' या नावाच्या अक्षरांचा शब्द 'पिता' या अर्थी आहे, असा पुरावाही त्यासाठी दिला जातो. परंतु लेखनाचा इतिहास वेगळे सांगतो. पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी लिहिला. त्या स्वतः अंतराळगाथांच्या नाणावलेल्या लेखिका होत्या, तसेच 'दि बिग स्लीप' व 'रिओ ब्राव्हो' यांसारख्या चित्रपटांच्या पटकथाकारही होत्या. १९७८ च्या फेब्रुवारीतील त्यांच्या खर्ड्यात व्हेडर आणि ल्यूकचे वडील या दोन निराळ्या व्यक्ती आहेत. वडिलांचा आत्मा ल्यूकला दर्शन देतो, असा प्रसंगही त्यात आहे. पुढच्याच महिन्यात ब्रॅकेट यांचे निधन झाले. त्यानंतरचा खर्डा लुकास यांनी स्वतः लिहिला आणि त्यात व्हेडर हाच पिता झाला. लॉरेन्स कॅस्डन यांनी संवादांना घाट दिला आणि अर्व्हिन कर्शनर यांनी दिग्दर्शन केले. श्रेयनामावलीत मूळ कथा लुकास यांची आणि पटकथा ब्रॅकेट व कॅस्डन यांची म्हणून नोंदलेली आहे.

अभ्यासकाने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तम उत्तरकथा आधीपासून आखलेलीच असावी लागते असे नाही. मागे जे लिहून झाले आहे ते नव्या डोळ्यांनी वाचण्याची तयारी मात्र असावी लागते. खर्ड्यामागून खर्डे करताना लुकास यांना आढळले की, वडिलांचा आत्मा आणि वडिलांचा मारेकरी ही दोन पात्रे एकच काम अर्धे-अर्धे करीत आहेत. दोघे एक होताच कथेचा भार एका जागी आला.

पराभवापासून आरंभ

पहिली गोष्ट विजयाने संपली, म्हणून दुसरी पलायनाने सुरू होते. बंडखोर सैन्य होथ या बर्फाच्छादित ग्रहावर लपलेले आहे. साम्राज्याला त्याचा सुगावा लागतो आणि हत्तीसारखी चार पायांची प्रचंड यंत्रे बर्फ तुडवीत येतात. ही लढाई चित्रपटातील सर्वांत भव्य लढाई आहे. साधारणतः चित्रपट असा प्रसंग शेवटासाठी राखून ठेवतो. येथे तो पहिल्या भागातच येतो आणि बंडखोर तीत हरतात.

या मांडणीमागे निश्चित विचार आहे. मोठा देखावा आधीच संपल्यामुळे पुढे कथेला आकाराने वाढता येत नाही, तिला खोलच जावे लागते. होथवर हजारोंचे सैन्य आहे, मध्यभागी मोजकीच माणसे उरतात आणि शेवटी एका अरुंद पुलावर दोघेच समोरासमोर येतात. पहिल्या चित्रपटाचा प्रवास शेतापासून विश्वाकडे होता. दुसऱ्याचा प्रवास रणांगणाकडून एका मनाकडे आहे.

दोन धागे, एक वीण

होथवरून पळताना मंडळींची फाटाफूट होते. ल्यूक डॅगोबा या दलदलीच्या ग्रहावर योडा नावाच्या गुरूच्या शोधात जातो. हॅन, लिया, च्यूबॅका आणि सोनेरी यंत्रमानव 'मिलेनियम फाल्कन' या यानात असतात व साम्राज्याची जहाजे त्यांच्या पाठीवर असतात. येथून कथा दोन धाग्यांनी चालते.

दुसऱ्या धाग्याची युक्ती फार साधी आहे : यान बिघडलेले आहे. प्रकाशाहून वेगाने झेप घेणारे यंत्र ऐन वेळी दगा देते, आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा देते. प्रथम प्रेक्षक हसतो. नंतर तोच बिघाड या माणसांना एकत्र कोंडून ठेवतो, आणि कोंडलेल्या जागेत हॅन व लिया यांच्या भांडणाचे प्रेमात रूपांतर होते. अगदी शेवटी छोटा यंत्रमानव तो बिघाड दुरुस्त करतो, तेव्हा त्या विनोदाची सुटकेत परिणती होते. एकच क्षुल्लक वस्तू विनोद, प्रणय आणि उत्कंठा या तिन्हींच्या कामी लावणे, ही पटकथालेखनातील काटकसर शिकण्यासारखी आहे.

दोन्ही धाग्यांतील प्रसंग एकमेकांना उत्तरेही देतात. पाठलाग चुकवण्यासाठी 'फाल्कन' एका लघुग्रहावरील गुहेत शिरते. ती गुहा नसून एका अजस्र प्राण्याचे पोट असते. तिकडे डॅगोबावर ल्यूकही एका गुहेत शिरतो. शस्त्रे नेण्याची गरज नाही, असे गुरूने सांगूनही तो ती घेऊन जातो. आत व्हेडरची आकृती सामोरी येते, ल्यूक तिचे मस्तक उडवतो, मुखवटा फुटतो आणि आत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पहिल्या गुहेत संकट बाहेरचे आहे, दुसऱ्या गुहेत ते स्वतःच्या आतले आहे. पुढील रहस्याची ही पूर्वसूचना असते, परंतु प्रेक्षक तिचा अर्थ 'क्रोधाने तूही असाच होशील' एवढाच घेतो. चांगल्या पूर्वसूचनेचे हेच लक्षण होय : ती मिळते तेव्हा तिचा एक अर्थ पुरेसा वाटतो आणि दुसरा अर्थ उशिराने उमगतो.

गुरूची परीक्षा आणि गुरूची भाषा

ल्यूक महान योद्ध्याच्या शोधात येतो आणि त्याला भेटतो एक हिरवट, लांब कानांचा, काठी टेकीत चालणारा बुटका प्राणी. तो ल्यूकच्या शिदोरीवर हात मारतो आणि एका दिव्यासाठी यंत्रमानवाशी झोंबाझोंबी करतो. ल्यूकचा संयम सुटतो. तेवढ्यात कळते की, हाच योडा. म्हणजे परीक्षा आधीच सुरू झाली होती आणि शिष्य तीत नापास झाला होता. विद्यार्थ्याला न सांगता घेतलेली ही परीक्षा प्रेक्षकाचीही असते, कारण योडाला हसण्यात तोही सामील झालेला असतो.

योडा ही एक बाहुली होती. फ्रँक ऑझ यांनी तिला हालचाल व आवाज दिला आणि स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी तिचा चेहरा घडवला. प्रेक्षकाने तिला गुरू म्हणून स्वीकारले नसते, तर चित्रपटाचा मधला भाग कोसळला असता. स्वीकार घडवण्यात भाषेचा वाटा मोठा आहे. योडाच्या इंग्रजीत कर्म किंवा क्रियापदाचा अंश वाक्याच्या आरंभी येतो आणि कर्ता मागाहून येतो, त्यामुळे त्याचे बोलणे जुने व परके वाटते. येथे मराठी अनुवादकापुढे एक मौजेची अडचण उभी राहते. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येणे हीच सहज रीत आहे आणि विभक्तिप्रत्ययांमुळे शब्द मागेपुढे केले तरी वाक्य परके होत नाही. इंग्रजीतील क्रम जसाच्या तसा ठेवल्यास योडा चारचौघांसारखा बोलू लागेल! त्याचे वेगळेपण मराठीत आणायचे तर क्रियापद आधी घ्यावे लागेल किंवा ओवीच्या वळणाची जुनी रूपे योजावी लागतील. पात्राची बोली म्हणजे व्याकरणाची उलटापालट नव्हे. ऐकणाऱ्याच्या सवयीला दिलेला तो धक्का असतो, आणि सवयी भाषेगणिक बदलतात.

मग ल्यूकचे यान चिखलात बुडते. ते उचलण्याचा त्याचा प्रयत्न फसतो. गुरू ते अलगद काठावर आणून ठेवतो. आपला यावर विश्वासच बसत नाही, असे शिष्य म्हणतो आणि म्हणूनच तू अयशस्वी झालास, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. नायकाच्या शिक्षणाचा हा भाग अपयशांनीच भरलेला आहे, आणि ते शिक्षण पुरेही होत नाही. मित्र यातना भोगीत असल्याचे ल्यूकला मनश्चक्षूंनी दिसते आणि गुरूची आज्ञा मोडून तो निघतो. त्याचे जाणे चूक की बरोबर, याचा सरळ निर्णय चित्रपट देत नाही. मित्रांसाठी धावून जाणे हा सद्गुण आहे, परंतु शत्रूने सापळा लावला आहे तो याच सद्गुणाच्या भरवशावर.

रहस्याचा स्फोट

मेघांतील नगरीत हॅनचा जुना मित्र लँडो नाइलाजाने विश्वासघात करतो. हॅनला गोठवून एका शिळेत बंद केले जाते. लिया आपले प्रेम व्यक्त करते आणि हॅन मला ते ठाऊक आहे, एवढेच म्हणतो. पटकथेतील मूळ उत्तर निराळे होते. अभिनेता हॅरिसन फोर्ड आणि दिग्दर्शक कर्शनर यांनी चित्रीकरणाच्या वेळी हे बदलले. मूळच्या उत्तरापेक्षा हे तुटक उत्तर अधिक बोलके ठरले, कारण ते त्या पात्राच्या स्वभावातून आले होते.

त्यानंतर ल्यूक आणि व्हेडर यांचे द्वंद्व होते. ल्यूकचा उजवा हात तुटतो, मागे हटायला जागा उरत नाही, आणि अशा क्षणी व्हेडर सांगतो की, तुझा पिता मीच. ही गोष्ट इतकी गुप्त ठेवली होती की, चित्रीकरणात व्हेडरचा वेष धारण करणारे डेव्हिड प्राउझ यांना निराळेच वाक्य दिले होते : ल्यूकच्या वडिलांना ओबी-वॅनने मारले, असे ते होते. ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांना खरी गोष्ट चित्रीकरणाच्या थोडे आधी सांगण्यात आली. खरे वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात भरले गेले.

भारतीय वाचकाला येथे कर्णाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि त्यासोबत राज्यही देऊ करतो. व्हेडरही ल्यूकला नाते सांगतो आणि पाठोपाठ विश्वाच्या सत्तेत वाटा देऊ करतो. दोन्हीकडे सत्य हे आमिष म्हणून येते आणि दोन्हीकडे ते नाकारले जाते. कर्ण राधेच्या मायेला व दुर्योधनाच्या मैत्रीला स्मरून नकार देतो. ल्यूकजवळ शब्दच नाहीत. तो पुलावरून स्वतःला खाली सोडून देतो. रक्ताच्या नात्यापेक्षा आपण कोणाचे झालो आहोत हे मोठे, असे दोघेही आपापल्या परीने सांगतात. म्हणूनच हा प्रसंग केवळ धक्कादायक राहत नाही. धक्का एकदाच बसतो, निवड मात्र प्रत्येक वेळी पाहावीशी वाटते.

अपुरा, तरीही पूर्ण

चित्रपट संपतो तेव्हा हॅन शत्रूच्या हाती आहे, ल्यूकला कृत्रिम हात बसवला आहे आणि बंडखोर विखुरलेले आहेत. तिसरा चित्रपट येईपर्यंत, म्हणजे २५ मे १९८३ पर्यंत, प्रेक्षकांना तीन वर्षे थांबावे लागले. तरीही हा शेवट अर्धवट वाटत नाही, कारण घटना अपुऱ्या असल्या तरी भावनेचा एक फेरा पुरा झालेला असतो. आरंभी ल्यूकला वाटत होते की, शौर्य म्हणजे लढणे. शेवटी तो खिडकीपाशी उभा राहून शांतपणे बाहेर पाहतो. मालिकेतील 'क्रमशः' आणि शोकांतिकेतील स्थिरता यांचा हा मिलाफ आहे.

काही उणिवा

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. ल्यूकच्या शिक्षणाला बरेच दिवस लागले असावेत असे वाटते, पण 'फाल्कन'चा पाठलाग थोड्याच दिवसांत उरकल्यासारखा दिसतो. आलटून-पालटून येणाऱ्या दृश्यांमुळे ही विसंगती झाकली जाते, मिटत मात्र नाही. दुसरा दोष नीतीचा आहे. नवे रहस्य खरे मानले तर पहिल्या चित्रपटातील सज्जन ओबी-वॅन खोटे बोलला असे ठरते. तिसऱ्या चित्रपटात तो आपले बोलणे एका विशिष्ट दृष्टीने खरेच होते, असा खुलासा करतो. हा खुलासा चतुर असला तरी समाधानकारक नाही. ल्यूक व लिया ही भावंडे असल्याचेही तेथेच प्रकट होते. या चित्रपटात मात्र लिया ल्यूकचे चुंबन घेते, म्हणजे ते नाते तोवर ठरलेले नव्हते हे उघड आहे. मागील कथेचा अर्थ बदलण्याचे साधन एकदा हाती आले की, ते पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह होतो, आणि प्रत्येक वापरागणिक श्रोत्याचा विश्वास थोडा खर्च होतो. पहिला खर्च सार्थ होता, कारण त्यातून नायकापुढे एक निवड उभी राहिली. दुसऱ्याविषयी तसे म्हणता येत नाही.

पुन्हा पाहताना

१९९९ ते २००५ या काळात लुकास यांनी पूर्वकथेचे तीन चित्रपट काढले. त्यांत व्हेडरचा सारा वृत्तांत आला आहे. जो प्रेक्षक भागांच्या क्रमांकानुसार पाहतो त्याला पुलावरील रहस्य आधीच ठाऊक असते. न पाहिलेल्यांच्याही ते कानावर आलेले असते. मग या चित्रपटात काय उरते, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर स्वतःच शोधावे हे बरे. चित्रपट पुन्हा पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, गुहेकडे निघालेल्या ल्यूककडे पाहणारा योडा. दुसरी, द्वंद्वात आरंभी एका हाताने, जणू खेळवीत लढणारा व्हेडर, जो मुलाला मारायला नव्हे तर मिळवायला आला आहे. तिसरी, ते वाक्य कानी पडल्यानंतरचा ल्यूकचा चेहरा.

महाभारताच्या श्रोत्याला कर्ण कोण हे प्रथमपासून ठाऊक असते, तरीही श्रीकृष्ण रथात त्याच्याशी बोलू लागला की सभा स्तब्ध होते. ज्या गोष्टीतील रहस्य कळल्यावरही ती ऐकावीशी वाटते, ती गोष्ट केवळ रहस्यावर उभी नव्हती असे समजावे. या उत्तरकथेची योग्यता त्याच कसोटीवर ठरते.